ब्रह्मावर्तातली मराठी वस्ती: आले किती, राहिले किती?



आपल्यापैकी ग्वाल्हेर, झाशी, सागर, काशी, इंदूर इथल्या जुन्या घरांत एक गावाचं नाव कधी ना कधी कानावर पडलेलं असतं. ब्रह्मावर्त. आमच्या आजीच्या तोंडी ते "बरमावर्त" असं यायचं. लहानपणी मला वाटायचं की हे पुराणातलं कुठलं तरी गाव असणार. पुष्कळ वर्षांनी कळलं की ते नकाशावर चांगलं ठळक आहे, फक्त नाव वेगळं आहे. ते म्हणजे बिठूर. कानपूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर, गंगेच्या काठावर.

बिठूर म्हटलं की आपल्याला पाच नावं आठवतात: दुसरे बाजीराव, नानासाहेब, रावसाहेब, तात्या टोपे आणि मनू, म्हणजे झाशीच्या लक्ष्मीबाई. ह्या पाच जणांवर नाटकं झाली, सिनेमे झाले, पुतळे उभे राहिले. पण ह्यांच्या मागे एक अख्खं मराठी गाव होतं. स्वयंपाकघरात राबणारे, पागेत घोडे सांभाळणारे, पूजा सांगणारे, हिशेब लिहिणारे, आणि त्यांची बायकामुलं. ते सगळे गंगेकाठी कसे आले, अडतीस वर्षं कशावर जगले आणि मग कुठे गेले, हे आज लिहायचं आहे. कारण आपल्यातल्या काही घरांची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आधी गावाबद्दल. बिठूर काही पेशव्यांनी वसवलेलं नाही. ते फार जुनं तीर्थ आहे. ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण करून इथे यज्ञ केला अशी श्रद्धा. घाटावर एक खुंटी आहे, ती ब्रह्मदेवाची खूण म्हणून पुजली जाते. वाल्मीकींचा आश्रम इथेच, लव-कुश इथेच जन्मले असंही इकडची माणसं मानतात. ध्रुवाचा टेकाडवजा टीलाही गावात आहे. कार्तिकी पौर्णिमेला मोठी जत्रा भरते, आजही भरते. अवधच्या नवाबांचे दिवाण राजा टिकैतराय यांनी बांधलेला पत्थर घाट अजून गंगेकडे तोंड करून उभा आहे. 1801 साली हा सगळा मुलूख अवधच्या नवाबाकडून कंपनी सरकारकडे गेला. त्यानंतर 1811 च्या सुमारास कानपूर जिल्ह्याची कचेरी काही वर्षं बिठूरलाच होती, आणि 1819 मध्ये ती हलली.

म्हणजे कचेरी गेली आणि त्याच सुमारास पेशवे आले.

आता ते कसे आले, ते थोडक्यात. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीची लढाई झाली. पुणे गेलं. 1818 च्या फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले. पुढे तीन-साडेतीन महिने धावपळ, आणि 3 जून 1818 रोजी बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. अट अशी ठरली की गादी सोडायची, दख्खनमध्ये पुन्हा पाऊल टाकायचं नाही, आणि त्या बदल्यात सालिना आठ लाख रुपये पेन्शन. राहायला जागा कुठली, याची बरीच चर्चा होऊन शेवटी बिठूर ठरलं. बाजीरावांना गंगा हवी होती. इंग्रजांना कानपूरची छावणी जवळ हवी होती. दोघांची सोय एकाच ठिकाणी झाली. 1819 च्या सुरुवातीला बाजीराव बिठूरला पोचले, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला कंपनीचा एक कमिशनर तिथेच बसला.

आठ लाख ही रक्कम माल्कमने फार फुगवून दिली, अशी कुरकूर त्याच्याच वरिष्ठांनी केली होती. बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे. फार दिवस जगतील असं त्यांच्या शत्रूंना वाटत नव्हतं. बाजीराव त्यानंतर बत्तीस वर्षांहून जास्त जगले. गुणाकार करा: अडीच कोटींच्या वर रुपये त्या छोट्या गावात आले.

पेशवे एकटे आले नाहीत. त्यांच्यामागे हजारो माणसं आली. आपण "पेशव्यांबरोबर लवाजमा होता" असं एका वाक्यात म्हणून मोकळे होतो. पण लवाजमा म्हणजे कोण, ते जरा डोळ्यांपुढे आणा. मुदपाकखान्यातले आचारी आणि पाणके. जामदारखान्यातले कारकून. पागेतले मोतद्दार, हत्तीखान्यातले माहूत. हुजरे, खिदमतगार, शिलेदार, शिपाई. वैदिक, पुराणिक, हरदास. वैद्य आणि जोशी. शिंपी, सोनार, न्हावी, परीट. आणि ह्या प्रत्येकामागे त्याचं कुटुंब, म्हातारी आई, विधवा बहीण, मुंजीला आलेला पुतण्या. एवढी सगळी माणसं सह्याद्री आणि गोदावरीचा काठ सोडून उन्हाळ्यात लू वाहणाऱ्या आणि हिवाळ्यात धुक्यात बुडणाऱ्या प्रदेशात आली. आमटी-भात खाणारी माणसं गव्हाच्या मुलखात येऊन राहिली.

त्यांना राहायला जी जमीन मिळाली तिचं नाव पडलं अराजी लष्कर, म्हणजे लष्कराच्या तळाची जमीन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. 1832 मध्ये कंपनीने कायदा करून ही जहागीर आपल्या दिवाणी-फौजदारी कोर्टांच्या कक्षेतून वगळली. म्हणजे कानपूरच्या शेजारी एक छोटंसं मराठी संस्थानच म्हणा ना. फरक इतकाच की त्या संस्थानाला महसूल नव्हता, सैन्य नव्हतं आणि करायला कामही नव्हतं. होती ती फक्त पेन्शन.

ह्या पेन्शनीवर गाव कसं चाललं? एक तर धर्मकृत्यांवर. दानधर्म, अनुष्ठानं, ब्राह्मणभोजनं, श्रावणातली दक्षिणा, घाट आणि देवळांची डागडुजी. वाल्मीकी आश्रमात एक उंच मनोरा आहे, आतून चढायला पायऱ्या आणि बाहेरून दिव्यांसाठी कोनाडे. गावातले लोक त्याला स्वर्गाची शिडी म्हणतात. आपल्यापैकी कुणीही तो बघितला तर लगेच म्हणेल, अहो ही तर दीपमाळ! ती बाजीरावांचीच मानली जाते. जेजुरीची, तुळजापूरची आठवण काढत कुणीतरी गंगेकाठी दीपमाळ उभारली.

दुसरं, तालमीवर. बाजीरावांना स्वतःला व्यायामाचा मोठा नाद. मल्लखांबाला नवं रूप देणारे बाळंभटदादा देवधर हे त्यांच्याच पदरचे. पुण्याहून सुटलेली ही विद्या काशी आणि बिठूरमार्गे उत्तरेत रुजली. आज मध्य प्रदेशातल्या गावागावांत पोरं मल्लखांबावर चढतात, त्याचं एक मूळ ह्या वस्तीत आहे.

आणि तिसरं, नव्या येणाऱ्या माणसांवर. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपली समजूत अशी असते की 1819 साली एकदा माणसं आली आणि विषय संपला. तसं नाही. दक्षिणेतून माणसं येतच राहिली. कर्जतजवळच्या वेणगावचे माधवराव भट पेशव्यांचे गोत्रज. ते कुटुंबासह बिठूरला आले आणि त्यांच्या मुलाला, धोंडोपंताला, बाजीरावांनी 1827 मध्ये दत्तक घेतलं. तेच नानासाहेब. तात्या टोपे यांचे वडील पांडुरंगराव येवल्याचे. मुलगा लहान असतानाच ते बाजीरावांच्या आश्रयाला आले. मोरोपंत तांबे काशीला चिमाजीअप्पांच्या, म्हणजे बाजीरावांच्या धाकट्या भावाच्या, पदरी होते. चिमाजीअप्पा वारले, तसे ते आपल्या छोट्या मनूला घेऊन बिठूरला आले. कोकण, नाशिककडचा भाग आणि काशी, अशा तीन वेगळ्या वाटांनी आलेली ही तीन मुलं एका अंगणात वाढली.

बाहेर जाणाऱ्या वाटाही होत्याच, त्या बहुतेक मुलींच्या लग्नाच्या. मनू 1842 मध्ये लग्न होऊन झाशीला गेली. बाजीरावांची मुलगी बयाबाई ग्वाल्हेरच्या आपट्यांकडे दिली. दक्षिणेत परत जायची सोय नव्हती. त्यामुळे सोयरिकी व्हायच्या त्या काशी, झाशी, सागर, जालौन, ग्वाल्हेर इथल्या मराठी घरांत. नर्मदेच्या उत्तरेकडच्या आपल्या घरांची नाती एकमेकांत गुंतलेली दिसतात, त्या जाळ्यातली एक गाठ बिठूरला होती.

तर असं हे गाव. बाहेरून बघणाऱ्याला सुखात. पण त्याचा सगळा भार एका माणसाच्या श्वासावर होता. आणि 1851 च्या जानेवारीत तो श्वास थांबला.

बाजीरावांनी 1839 मध्येच मृत्युपत्र करून नानासाहेबांना वारस नेमलं होतं. कंपनीने उत्तर दिलं की पेन्शन बाजीरावांना व्यक्तिशः होती, वारसाला नाही. लॉर्ड डलहौसीचा युक्तिवाद असा की पेशव्याने अडीच कोटींच्या आसपास घेतले, मागे अठ्ठावीस लाखांची मालमत्ता ठेवली, तेवढ्यावर कुटुंबाने भागवावं. हा हिशेब घरच्या माणसाच्या नजरेने करून बघा. अठ्ठावीस लाख म्हणजे जुन्या पेन्शनीची साडेतीन वर्षं. आणि खाणारी तोंडं हजारोंनी, जी तीस वर्षांपूर्वी आपला मुलूख सोडून आली होती. जहागिरीची जमीन नानासाहेबांकडे राहिली, पण तिच्यावरचे अधिकार गेले. नानासाहेबांनी अर्ज केले, अझीमुल्ला खान यांना वकील म्हणून लंडनला पाठवलं. काही उपयोग झाला नाही.

एक जुनी गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. अफगाण युद्धात कंपनीची तिजोरी आटली, तेव्हा ह्याच बाजीरावांनी तिला पाच लाख रुपये कर्जाऊ दिले होते. कंपनीकडून मिळालेल्या पेन्शनीतून कंपनीलाच कर्ज! आणि वारसाची वेळ आली तेव्हा मात्र कागद पुढे केला.

नानासाहेबांनी 1857 मध्ये जे केलं, त्याचं मूळ फक्त ह्या पेन्शनीत होतं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण त्या गावातल्या सामान्य माणसाची चूल 1851 पासूनच मंदावली होती, हे विसरून चालणार नाही.

1857 चं वर्ष आपल्याला पाठ आहे, म्हणून भराभर सांगतो. जूनच्या सुरुवातीला कानपूरची फौज उठली. नानासाहेब पुढारी झाले. 27 जूनला सतीचौरा घाटावर शरण आलेल्या इंग्रजांची कत्तल झाली. 1 जुलैला बिठूरला नानासाहेब पेशवे म्हणून गादीवर बसले. 15 जुलैला बीबीघरात कैदेतल्या बायकामुलांना मारण्यात आलं. ही दोन्ही कृत्यं भयंकर होती, आणि आपल्या माणसांचा इतिहास लिहिताना ती गाळू नयेत. 17 जुलैला हॅवलॉकची फौज कानपुरात शिरली. नानासाहेब रातोरात गंगा ओलांडून अवधकडे गेले. 19 जुलैला फौज बिठूरला आली, वाडा लुटला आणि जाळला. 16 ऑगस्टला बिठूरजवळ पुन्हा लढाई झाली. डिसेंबरमध्ये होप ग्रँटची तुकडी आली. पेशव्यांचं सोनं-चांदी विहिरीत टाकल्याचं कळलं होतं, म्हणून दिवसरात्र पाणी उपसून ते बाहेर काढलं.

पाच महिन्यांत गावावर तीनदा फौज चाललेली. वाडा जळला हे आपण वाचतो. पण त्याच्या भोवतीच्या गल्ल्यांतल्या माणसांनी त्या पाच महिन्यांत काय केलं असेल? पेशव्यांच्या पदरचा हुजऱ्या किंवा आचारी, बोलायला लागला की लगेच दक्षिणी म्हणून ओळखू येणारा, त्याने कुठे जायचं? दक्षिणेतलं गाव चाळीस वर्षांपूर्वी सुटलेलं. तिथे कुणी ओळखणारं उरलं असेल की नाही, कोण जाणे. आणि कानपुरात तर झाडाझाडाला फास लटकत होते.

नावाजलेल्यांचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई 1858 च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला पडल्या. त्याआधी थोडेच दिवस, त्याच ग्वाल्हेरला रावसाहेबांनी नानासाहेबांच्या नावाने पेशवाईचा दरबार भरवला होता. मोरोपंत तांबे झाशीला फाशी गेले. तात्यांना 18 एप्रिल 1859 ला शिवपुरीला फाशी दिली. रावसाहेबांना 20 ऑगस्ट 1862 ला कानपूरला. नानासाहेब नेपाळच्या तराईत गेले आणि तिथेच इतिहासाच्या हातून निसटले.

बाकीचे विखुरले. काही तीर्थोपाध्याय आणि पुजारी घाटाच्या आधाराने राहिले. तात्यांच्या घराण्यातली मंडळी पुढे पुन्हा बिठूरला येऊन राहिली. काही काशीला मिसळून गेले. काही ग्वाल्हेरकडे, बुंदेलखंडाकडे सरकले. आपण पेशव्यांकडचे असं सांगणं बरीच वर्षं धोक्याचं होतं. त्यामुळे ज्यांनी सांगायला हवं होतं तेच गप्प बसले. माझी आजी "बरमावर्त" एवढंच म्हणायची आणि पुढे काही बोलायची नाही, ती कदाचित तिच्या आजीकडून आलेली गप्प बसण्याची सवय असेल.

आता लोकसंख्येकडे येऊ, कारण ती फार बोलकी आहे. 1901 च्या जनगणनेत बिठूरची वस्ती होती 7,173. म्हणजे पेशव्यांच्या काळी जो गाव माणसांनी गजबजलेला, तो अर्धशतकानंतर एक साधं तीर्थक्षेत्र झाला होता. त्याच वेळी शेजारचं कानपूर गिरण्या आणि चामड्याच्या कारखान्यांवर दोन लाखांच्या घरात पोचलं होतं. पुढे 2001 मध्ये बिठूर 9,647 आणि 2011 मध्ये 11,300. एकशे दहा वर्षांत हिंदुस्थानची लोकसंख्या सुमारे चोवीस कोटींवरून एकशे एकवीस कोटींवर गेली, म्हणजे पाचपट झाली. बिठूर दीडपटीच्या थोडं वर गेलं. आजही तिथे नगरपंचायत आहे, महानगरपालिका नाही. रेल्वेचा मंधन्याहून येणारा छोटासा फाटा आहे, आणि स्टेशनवर पाटी मात्र बिठूरची नाही, ब्रह्मावर्तची आहे. मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी.

इथे मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव काढू या. अराजी लष्कर. आम्हा ग्वाल्हेरकरांना लष्कर शब्द अगदी घरचा. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ टाकला, तो तळच पुढे लष्कर नावाचं शहर झाला. 1901 मध्ये त्याची वस्ती लाखावर होती. म्हणजे जेमतेम नऊ-दहा वर्षांच्या अंतराने उत्तरेत दोन मराठी लष्करं उतरली. एकाचं शहर झालं. दुसऱ्याची शेतं झाली.

असं का झालं? ग्वाल्हेरची माणसं जास्त शूर होती म्हणून नाही. उलट 1857 मध्ये तर शिंदे इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, हे सगळ्यांना माहीत आहे. फरक कामाचा होता. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे इथे राज्यं राहिली. राज्य म्हणजे कचेऱ्या, शाळा, जमाबंदी, फौज, संगीत, छापखाना. तिथल्या मराठी माणसाला पगार मिळत होता तो काम केल्याबद्दल. राजे बदलले, संस्थानं गेली, तरी हातातलं काम आणि मुलांचं शिक्षण शिल्लक राहिलं. बिठूरच्या माणसाला मिळत होतं ते कुणाच्या तरी पदरी असल्याबद्दल. तो पदर फाटला आणि सगळे उघड्यावर आले. ह्यात त्या आचाऱ्याचा किंवा मोतद्दाराचा दोष नाही. त्याला दुसरं काही करायला वावच नव्हता. पण वस्ती टिकते कशावर, ह्याचा धडा ह्याहून स्पष्ट कुठे मिळणार नाही. आज आपली मंडळं, आपले गणेशोत्सव, आपल्या मराठी शाळा एखाद्या दात्यावर किंवा जुन्या ट्रस्टच्या व्याजावर चालतात, तेव्हा मला हटकून बिठूरचे आठ लाख आठवतात.

कधी कानपूरकडे जाणं झालं तर अर्धा दिवस काढून बिठूरला जरूर जा. नानाराव स्मारकाच्या बागेत पुतळे आहेत, वस्तुसंग्रहालय आहे. जुन्या वाड्याचं फारसं काही उरलेलं नाही. वाल्मीकी आश्रमातली दीपमाळ बघा. मग घाटावर जाऊन तिथल्या उपाध्यायांना आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगा. तीर्थाच्या वह्या ही आपली सगळ्यात जुनी जनगणना आहे. सरकारी गणतीत माणसं आकडा होऊन येतात. त्या वह्यांत आजोबा-पणजोबांच्या नावासकट येतात.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरी मोडीतली पत्रं, लग्नाच्या याद्या, कुळाचार लिहिलेली वही, जन्मपत्रिका असं काही असेल, तर त्यात "ब्रह्मावर्त" किंवा "बिठूर" हा शब्द शोधा. मोडी वाचता येत नसेल तर पानाचा फोटो काढून इथे टाका. आपल्यात वाचणारे आहेत. पुढच्या वेळी घरातली वडीलधारी मंडळी एकत्र जमतील, तेव्हा त्यांना विचारा की आपले लोक उत्तरेत नेमके कोणाबरोबर आणि कुठल्या साली आले. आज उत्तर मिळेल. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी असेल की नाही, सांगता येत नाही. चाळीस-पन्नास घरांची उत्तरं जरी जमली, तरी त्या हरवलेल्या वस्तीची एक यादी आपली आपण करू शकू. पाच नावांच्या पुढची.